पित्तनलिकेचा कर्करोग आणि चिनी औषधींची एक यादी

बर्बेरिन, कर्क्युमिन, आर्टेसुनेट, ट्रिप्टोलाइड, नॉरकँथॅरिडिन आणि शेवटी एका चिनी काढ्याचे नाव, अशी यादी इंदिरानगरमधील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलाने मला मोबाइलवर पाठवली आणि खाली विचारले, "काका, बाबांना यांतले काय सुरू करता येईल?" त्याच्या वडिलांना पित्तनलिकेचा कर्करोग असल्याचे नुकतेच निदान झाले होते. नाशिकमध्ये औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वनस्पतिजन्य औषधे हा विषय शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात. रुग्णावर उपचार करणारा डॉक्टर मी नाही, हे मी प्रत्येकाला आधी सांगतो. तरीही या यादीतील प्रत्येक नावामागे काय आहे आणि काय नाही, हे सांगणे माझ्या विषयात बसते, आणि फोनवरच्या दहा मिनिटांत ते नीट सांगता येण्यासारखे नव्हते, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

यादी हास्यास्पद मुळीच नव्हती. त्यातील बहुतेक संयुगांवर चीन, थायलंड, जपान आणि अमेरिकेतील प्रयोगशाळांत खरोखर काम झालेले आहे. अडचण अशी की प्रयोगशाळेतील पेशींपासून रुग्णाच्या पलंगापर्यंतच्या वाटेवर ही नावे वेगवेगळ्या टप्प्यांवर थांबलेली आहेत, आणि यादीत मात्र ती एकाच ओळीत, एकाच मापाची असल्यासारखी उभी होती.

आधी आजाराविषयी. यकृतात तयार होणारे पित्त बारीक नलिकांमधून एकत्र येते, यकृताच्या दाराशी डाव्या-उजव्या दोन नलिका मिळतात आणि तेथून मुख्य नलिका लहान आतड्यापर्यंत जाते. या मार्गावर कोठेही, म्हणजे यकृताच्या आत, दाराशी किंवा खालच्या टोकाला, नलिकेच्या अस्तरातून हा कर्करोग उद्भवू शकतो. दाराशी होणारा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. पित्ताशयाचा कर्करोग हा याचा शेजारी, पण वेगळा आजार आहे. उत्तर भारतात गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे आणि आपल्याकडच्या बोलण्यात दोन्हींची सरमिसळ होते. नलिकेच्या कर्करोगात बहुधा आधी न दुखणारी काविळ दिसते: डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकी, अंगाला सतत खाज. शस्त्रक्रियेने गाठ पूर्ण काढता येणे हाच बरे होण्याचा खरा मार्ग आहे आणि निदानाच्या वेळी बहुसंख्य रुग्णांत ती शक्यता उरलेली नसते.

शस्त्रक्रिया शक्य नसेल तेव्हा काय मिळते, हे आकड्यांत माहीत असणे आवश्यक आहे, कारण पुढची सगळी तुलना त्याच्याशी करायची आहे. ब्रिटनमध्ये 410 रुग्णांवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केमोथेरपीच्या एकट्या जेमसिटॅबिनने मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगतात तो काळ) 8.1 महिने होते, ते सिस्प्लॅटिन या दुसऱ्या औषधाची जोड दिल्यावर 11.7 महिने झाले. त्यानंतर प्रतिकारशक्तीला मोकळे करणारे ड्युर्व्हालुमॅब या जोडीत मिळवून 685 रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. मध्यम आयुर्मान 11.5 वरून 12.8 महिन्यांवर गेले. वाढ थोडीच दिसते, पण 2 वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ड्युर्व्हालुमॅब न मिळालेल्या गटात सुमारे 10 टक्के आणि ते मिळालेल्या गटात सुमारे 25 टक्के निघाले. हे आकडे समाधानकारक नाहीत. म्हणूनच माणसे इतरत्र शोध घेतात, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

आता यादीतील नावे. आर्टेसुनेटपासून सुरुवात करतो, कारण चिनी परंपरेच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत भक्कम दाखला तोच आहे. चौथ्या शतकातील गे होंग या चिनी वैद्याच्या ग्रंथात छिंगहाओ नावाची वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तो रस तापावर द्यावा असे लिहिले आहे. तू यूयू यांनी 1971 मध्ये त्यावरून ताडले की नेहमीप्रमाणे उकळल्यास यातील गुणकारी घटक नष्ट होत असावा. त्यांनी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला, पुढच्या वर्षी त्यातून आर्टेमिसिनिन वेगळे झाले, आणि 2015 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आर्टेसुनेट हे त्याचेच पाण्यात विरघळणारे रूप असून तीव्र हिवतापात आपल्या जिल्ह्यातील रुग्णालयांतही ते शिरेतून दिले जाते. त्याच्या रेणूतील ऑक्सिजनचा पूल लोहाच्या सान्निध्यात तुटतो आणि पेशीला घातक असे कण तयार होतात. कर्करोगाच्या पेशींत लोह अधिक असते, म्हणून ते तेथेही उपयोगी पडावे, असा तर्क आहे. पित्तनलिकेच्या कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेतील बशीत त्याने मरतात. परंतु गे होंग यांनी लिहिले होते ते तापाविषयी. परंपरेची साक्ष हिवतापापुरती आहे. कर्करोगाचा दावा परंपरेचा नसून गेल्या काही दशकांतील प्रयोगशाळांचा आहे, आणि त्याला प्राचीनतेचे वजन देता येणार नाही.

बर्बेरिनचे तसेच. चिनी वैद्यकात ह्वांगल्येन या कडू मुळीचा उपयोग मुख्यतः हगवण आणि आतड्याच्या विकारांवर होत आला. आपल्याकडे हाच पिवळा अल्कलॉइड दारुहळदीत आहे आणि तिच्यापासून केलेले रसांजन आयुर्वेदात प्रसिद्ध आहे. पंचवटीतील काष्ठौषधीच्या दुकानात दारुहळद मागितली तर लाकडाचे पिवळे तुकडे मिळतात. ते खऱ्या दारुहळदीचे असतात की दक्षिणेत तिच्या नावाने विकल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका पिवळ्या वेलीचे, हे नुसत्या डोळ्यांनी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगता येत नसे. सूक्ष्मदर्शकाखाली काप धरावा लागे.

पेशींवरील प्रयोगांत बर्बेरिनची जी तीव्रता वापरतात ती साधारणतः 10 मायक्रोमोलच्या पुढे असते, म्हणजे दर मिलिलिटरला 3,000 नॅनोग्रॅमहून अधिक. माणसाने अर्धा ग्रॅम बर्बेरिन तोंडाने घेतले तर रक्तात त्याची पातळी दर मिलिलिटरला एका नॅनोग्रॅमच्या आसपासच राहते, कारण आतड्यातून ते फारच थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याचे रूपांतर यकृत लगेच करते. हजारपटींची ही दरी बहुतेक बातम्यांत सांगितली जात नाही. मात्र येथे एक प्रामाणिक प्रतिवाद आहे आणि तो मी टाळणार नाही. बर्बेरिन यकृतात साठते आणि पित्तातून बाहेर पडते, त्यामुळे यकृतातील आणि पित्तातील पातळी रक्तातील पातळीपेक्षा बरीच जास्त असू शकते. फुप्फुसाच्या किंवा मेंदूच्या कर्करोगात लागू न पडणारे औषध पित्तमार्गात लागू पडेल, अशी आशा त्यामुळेच काही संशोधक धरतात. आशा तर्कशुद्ध आहे. फक्त ती पित्त वाहते आहे असे गृहीत धरते, आणि या आजाराच्या रुग्णात नेमके तेच खुंटलेले असते.

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. शरीर अनेक वनस्पतिजन्य संयुगांची विल्हेवाट यकृत आणि पित्त यांच्यामार्फत लावते. नलिका गाठीने बंद झाली की पित्त मागे तुंबते, काविळीचा पिवळा रंग देणारे बिलिरुबिन रक्तात चढते, यकृताच्या पेशींना इजा होते, आणि निरोगी माणसाला सहज पचणारी मात्रा अशा रुग्णात साचून राहू शकते. हळदीचेच पाहा. कर्क्युमिन पित्ताशयाला आकुंचन पावायला लावते आणि पित्तस्राव वाढवते. अपचनावर हळद उपयोगी पडते त्याचे एक कारण हेच मानले जाते. परंतु वनौषधींचे मूल्यमापन करणाऱ्या जर्मनीच्या अधिकृत आयोगाने हळदीच्या औषधी वापराविषयी लिहिताना पित्तमार्गात अडथळा असल्यास ती देऊ नये अशी स्पष्ट सूचना केली होती. वाट बंद असताना पित्तस्राव वाढवून काय साधणार? बर्बेरिनही रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनापासून बिलिरुबिनला विलग करू शकते. नवजात बालकांच्या काविळीच्या भीतीने सिंगापूरने 1978 पासून अनेक वर्षे ह्वांगल्येनच्या विक्रीवर बंदी ठेवली होती. बालकांचा प्रश्न प्रौढ रुग्णाला जसाच्या तसा लागू होत नाही, पण बिलिरुबिन आधीच चढलेले असताना हा गुणधर्म ठाऊक असलेला बरा.

कर्क्युमिनविषयी आपल्या लोकांना विशेष जिव्हाळा आहे, आणि चिनी यादीत हळद पाहून त्या मुलाच्या आजीला तर हायसे वाटले होते. थायलंडमधील खोन केन येथील संशोधकांनी 2011 मध्ये हॅमस्टरवरचा एक चांगला प्रयोग प्रसिद्ध केला: यकृतकृमीची लागण करून आणि कर्करोगकारक रसायन देऊन ज्या प्राण्यांत हा कर्करोग उत्पन्न केला जातो, त्यांना अन्नातून कर्क्युमिन दिल्यावर कर्करोग कमी प्रमाणात झाला. ईशान्य थायलंडमध्ये नदीतील कच्चा मासा खाण्याच्या रिवाजामुळे हा कृमी पोटात जातो, वर्षानुवर्षे नलिकांमध्ये राहून दाह निर्माण करतो, आणि जगात या कर्करोगाचे सर्वाधिक प्रमाण त्याच भागात आहे. नाशिकच्या रुग्णाच्या बाबतीत या प्रयोगाचा अर्थ मर्यादित राहतो, कारण एक तर येथे तो कृमी कारण नाही आणि दुसरे म्हणजे तो प्रयोग कर्करोग होण्यापूर्वीच्या प्रतिबंधाचा होता. झालेली गाठ विरघळवण्याशी त्याचा संबंध नव्हता.

शिवाय कर्क्युमिन रसायनदृष्ट्या फसवे आहे. ते स्वतः चमकते, इतर प्रथिनांना चिकटते, द्रावणात मोडते, आणि त्यामुळे अनेक तपासण्यांत नसलेला परिणाम दाखवते. 2017 मध्ये औषधी रसायनशास्त्रातील अभ्यासकांच्या एका गटाने हे सविस्तर मांडले आणि औषध म्हणून त्याच्या भवितव्याविषयी गंभीर शंका घेतली. शोषण वाढावे म्हणून मिरीतील पिपेरिन मिसळलेल्या कॅप्सूल आता सर्रास मिळतात. शोषण वाढते हे खरे, पण अशा कॅप्सूलमुळे यकृताला तीव्र इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत आणि इटलीत झालेल्या आहेत, आणि इजा झालेल्या अनेकांमध्ये एचएलए-बी 35:01 ही जनुकीय खूण आढळली. हीच खूण चिनी हशोवू मुळीने आणि हिरव्या चहाच्या अर्काने होणाऱ्या यकृतविकारातही सापडलेली आहे. भाजीतल्या चमचाभर हळदीशी याचा काही संबंध नाही. ती आजीने खुशाल घालावी.

ट्रिप्टोलाइड आणि नॉरकँथॅरिडिन या दोन नावांनी मात्र मी दचकलो. ट्रिप्टोलाइड लेइगोंगतेंग नावाच्या वेलीतून येते, जिची पूड चीनमध्ये कीटकनाशक म्हणून वापरली जात असे आणि जिचा अर्क संधिवातावर अजूनही देतात. ते अतिशय प्रभावी आहे, इतके की प्रभावी मात्रा आणि विषारी मात्रा यांत फारसे अंतर उरत नाही. यकृत, मूत्रपिंड आणि प्रजननसंस्था यांना ते इजा करते. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी त्याचे पाण्यात विरघळणारे मिनेलाइड हे रूप तयार करून स्वादुपिंडाच्या व पचनसंस्थेच्या इतर कर्करोगांत चाचण्या सुरू केल्या, हा त्याचा योग्य मार्ग आहे. नॉरकँथॅरिडिन ज्यापासून बेतले गेले ते कँथॅरिडिन एका किड्यातून मिळते. आपल्या जिल्ह्यात बाजरीच्या कणसांवर काळ्या-नारिंगी पट्ट्यांचे जे हिंगे येतात आणि चिरडले गेल्यास कातडीवर फोड आणतात, त्याच कुळातील चिनी किडे बानमाओ या नावाने औषधात वापरले जात. मूळ विषाने मूत्रमार्गाला इजा होते, म्हणून रेणूतील दोन मिथाइल गट काढून नॉरकँथॅरिडिन केले गेले आणि चीनमध्ये यकृताच्या कर्करोगात ते वापरातही आहे. परंतु ही दोन्ही द्रव्ये संकेतस्थळावरून पुडी मागवून घरी घेण्याची नाहीत, आणि एवढे मी त्या मुलाला फोनवरच निक्षून सांगितले.

काढ्याचे नाव यिनछनहाओ थांग असे होते. सुमारे 1,800 वर्षांपूर्वीच्या चांग चोंगचिंग या वैद्याच्या ग्रंथात काविळीसाठी तो सांगितलेला आहे आणि त्यात तीनच घटक आहेत: एका दवण्याच्या जातीची कोवळी पाने, गार्डेनियाची फळे आणि रेवंदचिनी. यादीत परंपरेचा थेट आधार असलेले हे एकमेव नाव, कारण येथे काविळ हाच विषय आहे. जपानमध्ये इंचिनकोतो या नावाने तो कारखान्यात प्रमाणित करून बनवला जातो आणि डॉक्टर लिहून देतात. गार्डेनियातील जेनिपोसाइडचे आतड्यातील जीवाणू जेनिपिन करतात आणि जेनिपिन यकृतपेशीच्या पित्ताकडील भिंतीवर एमआरपी-2 हे वाहक प्रथिन वाढवते, अशी त्याच्या कार्याची बरीच स्पष्ट मांडणी झाली आहे. नागोया विद्यापीठातील शल्यचिकित्सकांनी पित्तनलिकेच्या कर्करोगाच्या रुग्णांत तो दिला आणि पित्तस्राव वाढल्याचे नोंदवले. पण कोणत्या रुग्णांत? ज्यांचे तुंबलेले पित्त बाहेरून नळी घालून आधीच मोकळे केले होते, अशांत. शिवाय त्यांचा हेतू कर्करोग मारण्याचा नव्हता; मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी यकृत सावरावे एवढाच होता. हा काढा वर्षानुवर्षे घेतल्यास आतड्याच्या शिरा घट्ट होण्याचा एक विकार होऊ शकतो आणि जपानमध्ये त्याविषयी इशारा दिला जातो, हेही नमूद करून ठेवतो.

या यादीत नसलेले, पण तिच्याशी सर्वांत जवळचा संबंध असलेले एक संयुग म्हणजे कॅम्प्टोथेसिन. चीनमधील शीशू या झाडातून ते 1966 मध्ये वेगळे केले मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी. वाणी हे आपल्या नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेला गेले आणि पुढे याच जोडीने टॅक्सॉल हे कर्करोगावरील औषधही शोधले. खानदेशात किंवा नाशकात त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न मला नेहमी पडतो. सह्याद्रीत नरक्या नावाचे एक लहान झाड आहे, त्यातही कॅम्प्टोथेसिन भरपूर असल्याचे भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी 1972 मध्ये दाखवले, आणि तेव्हापासून कोकणातील जंगलांतून त्याच्या लाकडाची चोरटी तोड चालत आली आहे.

कॅम्प्टोथेसिनची कथा रम्य नाही. 1970 च्या दशकात त्याचे सोडियम क्षार रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव झाला, रक्तपेशी घटल्या आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. ते पेशीतील टोपोआयसोमरेज-1 या विकराला (एन्झाइमला) अडवते हे 1985 मध्ये कळले. मग जपानमध्ये त्याच्या रेणूला एक शेपटी जोडून इरिनोटेकॅन बनवले गेले आणि 1994 मध्ये तेथे त्याला मान्यता मिळाली. आज जगभर आतड्याच्या कर्करोगात ते नित्य वापरात आहे. पित्तनलिकेच्या कर्करोगात पहिले औषध निष्प्रभ ठरल्यावर इरिनोटेकॅनचे चरबीच्या सूक्ष्म पिशवीत बंद केलेले रूप उपयोगी पडते असे कोरियातील चाचणीने 2021 मध्ये दाखवले. जर्मनीतील तशाच चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. म्हणजे झाडातून वेगळे होऊन अर्धे शतक उलटल्यावर, शुद्ध स्वरूपात, मोजलेल्या मात्रेत, दोन देशांत पारखूनही या एका कर्करोगापुरते उत्तर अजून पक्के नाही. आणि हेही औषध पित्तातून बाहेर पडते, म्हणून बिलिरुबिन चढलेल्या रुग्णाला ते नेहमीच्या मात्रेत देता येत नाही. शुद्ध संयुगाचीही त्या बंद नलिकेतून सुटका नाही.

चिनी परंपरेतून आलेल्या कर्करोगावरील औषधांपैकी सर्वांत यशस्वी ठरला तो सोमल. हार्बिनमधील चांग थिंगतोंग यांनी 1970 च्या दशकात लोकवैद्यकातील एका मिश्रणातून आर्सेनिक ट्रायऑक्साइडपर्यंत मजल मारली आणि रक्ताच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट प्रकारात, अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात, ते आज जीव वाचवते. परंतु त्या आजारात एकच बिघडलेले प्रथिन मुळाशी आहे आणि सोमल नेमके तेच नष्ट करतो. पित्तनलिकेच्या कर्करोगात असा एकच धागा नाही. त्याउलट, बेडकाच्या जातीच्या प्राण्याच्या कातडीपासून केलेले ह्वाछान्सू हे चीनमध्ये रूढ असलेले इंजेक्शन शेजारच्या स्वादुपिंडाच्या कर्करोगात रीतसर तपासले गेले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत जेमसिटॅबिनला त्याची जोड देऊन काहीच अधिक मिळाले नाही. अशी नकारात्मक चाचणी करून ती छापणाऱ्या संशोधकांविषयी मला आदर वाटतो.

सध्या ज्यावर लक्ष ठेवावे असे एक नाव थायलंडमधून येते. चिनी वैद्यकातील छांगचू, थाई वैद्यकातील खोत खमाओ, हिच्या कंदाचा प्रमाणित अर्क थम्मासात विद्यापीठातील गटाने क्रमाक्रमाने पुढे नेला: आधी पेशी, मग प्राणी, मग निरोगी स्वयंसेवक, आणि नंतर यकृतातील प्रगत पित्तनलिका कर्करोगाचे रुग्ण. दुसऱ्या टप्प्यातील ती चाचणी लहान आहे आणि तिच्यावरून उपचार ठरवता येत नाहीत. पण घटक ठरलेले, मात्रा ठरलेली आणि दुष्परिणाम नोंदवलेले आहेत. यादीत असते तर याच एका नावावर मी त्या मुलाशी वेगळ्या सुरात बोललो असतो.

वनस्पती ओळखण्यातील चूक किती महाग पडते, हे मी वर्गात बेल्जियमच्या उदाहरणाने शिकवत असे. ब्रसेल्समध्ये 1990 च्या सुमारास वजन घटवण्याच्या गोळ्यांत फांगची नावाच्या एका मुळीऐवजी तिच्या नामसाधर्म्याची दुसरी मुळी गेली. त्या दुसरीत ॲरिस्टोलोकिक आम्ल होते. शंभरहून अधिक जणांची, मुख्यतः स्त्रियांची, मूत्रपिंडे निकामी झाली, आणि 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काढून टाकलेली मूत्रपिंडे व मूत्रनलिका तपासलेल्या 39 पैकी 18 रुग्णांत मूत्रमार्गाचा कर्करोग सापडला. हे आम्ल जनुकांवर आपली ओळखता येणारी खूण सोडते, आणि 2017 मध्ये तैवानमधील यकृताच्या कर्करोगाच्या 98 नमुन्यांपैकी 78 टक्क्यांत ती खूण मिळाली. आपल्याकडची ईश्वरी, म्हणजे सापसण, याच कुळातली. कर्करोगावरचे औषध म्हणून घेतलेल्या पुडीत कर्करोग देणारे द्रव्य असू शकते, ही शक्यता काल्पनिक नाही. आणि हा प्रश्न केवळ चिनी औषधांचा आहे असेही कोणी समजू नये. बोस्टनमध्ये विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदिक औषधांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा सोमल सापडल्याचे 2004 मध्ये प्रसिद्ध झाले होते, आणि करोनाच्या काळात मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या 6 जणांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद केली.

नाशिकपुरते बोलायचे तर मला चिनी कॅप्सूलपेक्षा अधिक काळजी वाटते ती काविळीकडे पाहण्याच्या आपल्या सवयीची. डोळे पिवळे झाले की कोणीतरी आसपासच्या गावाचे नाव सांगतो, तेथे सकाळी उपाशीपोटी औषध मिळते, गळ्यात माळ घालतात किंवा चुन्याच्या निवळीने हात धुऊन पिवळे पाणी दाखवतात. विषाणूची काविळ बहुधा आपोआप बरी होते, म्हणून अशा औषधांना यश मिळत राहते. गाठीमुळे झालेली काविळ तशी उतरत नाही, आणि शस्त्रक्रिया शक्य असण्याचे जे थोडे दिवस हाती असतात ते या फेऱ्यांत जातात. पन्नाशीपुढच्या माणसाला दुखल्याशिवाय काविळ झाली, खाज सुटली, वजन उतरले, तर सोनोग्राफीला त्याच आठवड्यात जावे. आणि काविळीबरोबर थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे, कारण तुंबलेल्या पित्तातील जंतुसंसर्ग वाट पाहत नाही.

त्या कुटुंबाशी शेवटी समोरासमोर बसून बोललो. "मग यांतले काहीच नको का, काका?" असे मुलाने विचारले तेव्हा मी त्याला क्रम सांगितला. आधी स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणारी नळी, घालून पित्त मोकळे होऊ दे आणि बिलिरुबिन उतरू दे, कारण त्याशिवाय केमोथेरपीही सुरू होत नाही. पुडी आणि कॅप्सूल यांवर जो खर्च करायचा ठरवला आहे, तो आधी गाठीच्या तुकड्याच्या जनुकीय तपासणीवर करता येईल का हे डॉक्टरांना विचार. यकृतातील नलिकांच्या कर्करोगात साधारण 10 ते 15 टक्के रुग्णांत एफजीएफआर-2 जनुकाची जोडणी बिघडलेली असते आणि अशा रुग्णांत पेमिगॅटिनिब या औषधाच्या चाचणीत 35.5 टक्के जणांची गाठ आकसली होती, तर जवळपास तेवढ्याच रुग्णांत आयडीएच-1 या जनुकात बदल असतो आणि त्यावर इव्होसिडेनिब हे औषध आहे. ही औषधे यकृतातील सीवायपी-3ए4 या विकराकडून मोडली जातात आणि बर्बेरिन त्याच विकराला अडवते, म्हणून नंतर कधी काही घ्यायचे झाले तरी ते डॉक्टरांपासून लपवून घेऊ नये. युरोपात नैराश्यावर घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या साध्या वनस्पतीने इरिनोटेकॅनच्या क्रियाशील रूपाची रक्तातील पातळी 42 टक्क्यांनी घटवल्याचे 2002 मध्ये दिसले होते. म्हणजे बिघाड दोन्ही दिशांनी होतो, कधी औषध साचते तर कधी ते परिणाम होण्याआधीच निघून जाते.

मुलाने तेथेच एका कोऱ्या कागदावर यादी पुन्हा लिहिली. या वेळी प्रत्येक नावासमोर बनवणाऱ्याचे नाव, मात्रा आणि लेबलावरील घटक असे रकाने केले, आणि घरात आधीपासून चालू असलेले त्रिफळा चूर्ण व गुळवेलीची गोळी हीसुद्धा त्यात घातली, जी डॉक्टरांना सांगायची असतात हे कोणाच्या मनातच आले नव्हते. तो कागद त्यांनी पुढच्या भेटीत कर्करोगतज्ज्ञांना दिला. गुळवेल त्यांनी लगेच बंद केली.